पूर्वेकडची न बांधलेली खोली

दादाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. डोंबिवलीचं घर पाडायचं ठरलं, शेजारचे दोन प्लॉट आणि आपला मिळून सात मजली इमारत होणार, महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. दादाला वाईट बातमी सावकाश सांगता येत नाही. मग जरा थांबून म्हणाला, त्याआधी एकदा येऊन सही करून जा.

कसली सही, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीला अशा वेळी एकाच कागदावर सही करायला बोलावतात, त्याला हक्कसोड म्हणतात. वडील मृत्युपत्र न करता गेले की घरात मुलीचाही वाटा राहतो, आणि मग कधीतरी तिने तो भावाच्या नावे सोडून द्यायचा असतो. भाऊ साडी घेतो, वहिनी पुरण घालते, आणि बहीण ‘मला काय करायचंय’ असं म्हणत सही करते. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी केली आहे. जिने केली नाही तिच्याबद्दल बाकीच्या अजून बोलतात, आणि खोटं कशाला सांगू, मीही बोलले आहे.

मला वाटा नको होता. मला खोली हवी होती. माझे यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली. मुलगा परदेशात असतो, मला तिकडे बोलावतो. मी दोन महिने राहून आले आणि पुन्हा जाणार नाही असं मनाशी ठरवून आले. ठाण्याचा फ्लॅट माझाच आहे, ऐसपैस आहे, पण दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच बाई, ती म्हणजे लिफ्टमधली, मजले सांगणारी. मला माहेरी जाऊन राहायचं होतं. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. सदुसष्टाव्या वर्षी असलं काही बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. बाईसाठी वेगळं पद नव्हतं, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत मी मॅनच राहिले. लोकांच्या घरांचे, शाळांचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले आणि ज्या घरात वाढले त्याचा मात्र एक कागद केला नाही. म्हणून दादाला म्हटलं, मी चार दिवस आधीच येते, घर मोजून नकाशा काढते. पाडायच्या घराचा नकाशा कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मला हवाय. मग ये म्हणाला, वहिनीला सामान बांधायलाही तुझी मदत होईल. मनात मी ठरवून टाकलं होतं की या चार दिवसांत त्याला खोली मागायची. सही करायच्या आधी.

शीळफाट्याला गाडी पाऊण तास जागची हलली नाही. टॅक्सीवाला फोनवर कोणाशी तरी भांडत होता आणि मी पिशवीतली मोजपट्टी पुन्हा पुन्हा चाचपत होते. नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघाल्यासारखं वाटत होतं.

घर वडिलांनी बांधलं, आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी. तोवर आम्ही कल्याणला एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. मी सहा वर्षांची, दादा चौदाचा. वडील कारकून, मूळ कोकणातले, आणि बांधकामातलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं. पण आई गेल्यावर रविवारी त्यांना घरात बसवेना. डोंबिवलीत शेताला लागून प्लॉट घेतलेला होता. तिथे ते दर रविवारी नुसतेच जाऊन उभे राहायचे. मग एका रविवारी आम्हा दोघांना घेऊन ते खडवलीला गेले, नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. भट्टीतून धूर निघत होता आणि जळलेल्या तुसाचा वास येत होता. वडिलांनी ढिगातल्या दोन विटा उचलल्या, एकमेकींवर आपटल्या आणि कान देऊन ऐकलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चांगली भाजलेली वीट वाजते. ते एकामागून एक विटा वाजवत सुटले. भट्टीवाला आधी हसला, मग कंटाळला. शेवटी म्हणाला, साहेब, सगळ्याच वाजवणार का? वडील म्हणाले, जमतील तेवढ्या. एका विटेवर शेळीच्या खुराचा ठसा उमटला होता, ती मी मागून घेतली. ती पुढे ओटीच्या पायरीत बसवली.

गवंडी होता आंबिवलीच्या पलीकडच्या खेड्यातला. आम्ही त्याला गवंडीमामा म्हणायचो. वडिलांनी बाजारातून स्वतःचा ओळंबा आणला आणि मामाने भिंत लावली की त्याच्या मागोमाग ते दोरीला वजन लटकवून भिंत सरळ आहे का ते बघायचे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मामा थापी टाकून निघून गेला असता. पण बायको गेलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, असं तो दादाला म्हणाला होता म्हणे. मला एक काम दिलं होतं. विटा लावण्याआधी पिंपात भिजवायच्या असतात. पाण्यात टाकली की वीट बुडबुडे सोडते, आणि बुडबुडे थांबले की तिचं पोट भरलं असं समजायचं. मी पिंपाच्या काठाशी बसून बघायची आणि ‘झालं’ असं ओरडायची. संध्याकाळी दादा आणि मी नव्या भिंतींना तांब्याने पाणी मारायचो. तापलेल्या विटेवर पाणी पडलं की जो वास येतो तो मला नंतर कुठेच मिळाला नाही. आता बांधकामाला त्या विटाच नसतात. तेव्हा तो वास आला की मला आईची आठवण यायची नाही, आणि ते मला फार बरं वाटायचं.

तीन खोल्या एकामागे एक: पुढची, मधली आणि स्वयंपाकघर. पुढे ओटी, मागे मोरी आणि पेरूचं झाड. काळ्या दगडाचं जोतं, दीड विटेच्या जाड भिंती, बाहेरून गिलावा नाही, नुसत्या विटा आणि त्यांच्या फटीत चुना भरलेला. वर उतरतं कौलारू छप्पर. प्रत्येक दाराच्या डोक्यावर उभ्या विटांची लहानशी कमान. आज मी म्हणेन की साधं पण फार नेटकं घर होतं. त्यात एकच गोष्ट नेटकी नव्हती, ती म्हणजे पूर्वेची भिंत.

पूर्वेच्या बाजूला, भिंतीच्या दोन्ही टोकांना, खालपासून छपरापर्यंत विटा बाहेर आलेल्या होत्या. एका थरातली अर्धी वीट बाहेर, वरच्या थरातली आत, पुन्हा एक बाहेर. करवतीसारखे दाते. पुढेमागे खोली वाढवायची असेल तर गवंडी असे दाते सोडून ठेवतात, म्हणजे नवी भिंत जुनीत अडकवता येते. वडिलांनी मामाला ते मुद्दाम सोडायला लावले होते. त्या बाजूला एक खोली होणार होती, आणि ती माझी होणार होती. हे ते सगळ्यांना सांगायचे. शेजारी हसायचे. मुलगी जाणार दुसऱ्याच्या घरी, तिला खोली कशाला? वडील म्हणायचे, परत येईल तेव्हा उतरेल कुठे?

खोली काही लवकर झाली नाही. आज करू, उद्या करू म्हणता वर्षं गेली. दात्यांचा मात्र घरात सगळ्यांना उपयोग होता. त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळायचे. एका दात्यावर वडिलांचा दाढीचा आरसा असायचा. दादा त्यांवरून चढून कौलांवर अडकलेले चेंडू काढायचा. सगळ्यात खालच्या दात्यावर मी अभ्यासाला बसायची, पाय जोत्यावर टेकवून, आणि समोरच्या रिकाम्या जागेत माझी खोली बघायची. खिडकी कुठे, टेबल कुठे, पुस्तकं कुठे. मी पहिला नकाशा काढला तो तिथेच, वहीच्या मागच्या पानावर. पुढे नोकरीत शेकडो काढले, पण त्या नकाशातल्या खोलीत मी जितकी राहिले तितकी कुठेच राहिले नाही.

मी तेवीस वर्षांची असताना ठाण्याच्या मंडळींकडून निरोप आला, रविवारी मुलगी बघायला येतो. त्याच आठवड्यात मी वडिलांना म्हटलं, ती पूर्वेची बाजू बरी दिसत नाही. घर अर्धवट राहिल्यासारखं, कुठे मोडून पडल्यासारखं दिसतं. लोक काय म्हणतील? ते दाते काढून टाका आणि तिकडे गिलावा करून घ्या.

वडील ताटावर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. दोन दिवस ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, त्या विषयाचं मात्र अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी गवंडीमामाला घेऊन आले. तो आता म्हातारा झाला होता. त्याने छिन्नी लावली, मग काढली आणि वडिलांना विचारलं, कापू ना नक्की? वडील हो म्हणाले. मामाने अर्ध्या दिवसात दोन्ही बाजूंचे दाते तोडले, दुसऱ्या दिवशी तिकडे गिलावा केला आणि चुना फासला. रविवारी पाहुणे आले. त्यांनी पूर्वेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लग्न ठरलं.

तेव्हापासून घराच्या तीन बाजू विटांच्या आणि एक पांढरी राहिली. वडिलांनी खोलीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी माहेरी यायची तेव्हा मधल्या खोलीत अंथरूण घालायची. दिवाळीला, बाळंतपणाला, नंतर मुलाला घेऊन सुट्टीत. सकाळी उठून बाहेर आले की ती पांढरी भिंत समोर यायची आणि माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची. मी ते बोलले नसते तर, हा विचार मी चव्वेचाळीस वर्षं केला. वडिलांना तसं विचारायचं धाडस झालं नाही. मी लग्न होऊन गेले त्याच्या नवव्या वर्षी ते गेले.

तर आता मोजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ओटी आणि पुढची खोली. दादा मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचा आणि मधेच सोडून द्यायचा. पंचाहत्तरी झाली तरी त्याचं एका जागी चित्त नसतं. मी ओरडले की पुन्हा धरायचा. वहिनी खोक्यांत भांडी भरत होती. दुपारी आम्ही तिघं कॉफी पीत बसलो तेव्हा विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण दादा भाड्याच्या घराबद्दल बोलायला लागला. इमारत होईपर्यंत ती दोघं कल्याणला राहणार होती. मी म्हटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. माझ्या कचेरीत मी साहेबांच्या तोंडावर त्यांच्या चुका दाखवायची, आणि इथे सख्ख्या भावाकडे एक खोली मागता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मधली खोली मोजली. तिथे पूर्वेच्या भिंतीत एक कपाट होतं. भिंतीतच खोदल्यासारखं, लाकडी फळ्यांचं, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. त्यात आमचे पापड, लोणची, चिवड्याचे डबे, दिवाळीच्या पणत्या. मी लहान असल्यापासून ते तसंच होतं. वहिनीने ते रिकामं केलं होतं. कपाट आत किती खोल आहे ते मोजलं, नऊ इंच. रुंदी मोजली, तीन फूट. उंची साडेसहा. आकडे वहीत लिहिले आणि लिहिता लिहिता थांबले. तीस वर्षं मी हे तीन फूट आणि साडेसहा फूट लिहीत आले होते, आणि ते कधीच कपाटाचे नव्हते. ते दाराचे होते.

मी खाली बसले आणि सगळ्यात खालची फळी उचकटली. खाली काळ्या दगडाचा उंबरा होता. घरातल्या बाकीच्या सगळ्या उंबऱ्यांचे दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेत. हा कोरा होता, छिन्नीचे घाव अजून धारदार, कारण त्यावरून कोणी कधी चाललंच नव्हतं. कपाटाच्या वर, रंगाचे पोपडे नखाने काढले तर उभ्या विटांची कमान दिसली. म्हणजे वडिलांनी माझ्या खोलीचं दार आधीच करून ठेवलं होतं, आणि मागे पातळ भिंत घालून तात्पुरतं बंद केलं होतं. खोली बांधली की ती भिंत पाडली आणि चौकट बसवली की झालं. आमच्याकडे उंबऱ्यावर कोणी बसलं तरी ओरडा बसायचा, आणि या उंबऱ्यावर आम्ही साठ वर्षं चिवड्याचे डबे ठेवले.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. रडू आलं म्हणायला हरकत नाही, आलंच. मला त्या क्षणी ती खोली पूर्वी कधी नव्हती इतकी हवीशी वाटली. वहिनी आली, तिने बघितलं, माझ्या शेजारी बसली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, एवढी वर्षं मी रोज इथून डबे काढले, मला नाही कळलं.

त्याच दुपारी दादाने कागद काढले. जेवणाच्या टेबलावर मांडले, पेन ठेवलं, त्यावर नव्या साडीची पिशवी ठेवली. उद्या नोंदणी कार्यालयात जायचं, आज वाचून घे म्हणाला. मी कागद हातात घेतले नाहीत. मी म्हटलं, “दादा, नवी इमारत झाली की मला इथे राहायला यायचंय. कायमचं. मला एक खोली दे.”

तो रागावला नाही, हसलाही नाही. उठून मधल्या खोलीत गेला आणि त्या उघड्या उंबऱ्यापाशी उभा राहिला. मी मागोमाग गेले. म्हणाला, हा दगड बसवला तेव्हा मी इथेच होतो. चौदा वर्षांचा. बाबांनी गवंडीमामाला सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, की आई नसलेल्या मुलीला माहेर राहत नाही, म्हणून हिचं दार मी आत्ताच करून ठेवतोय. त्याला हे सगळं माहीत होतं, पहिल्यापासून.

मग तो म्हणाला, “ते दाते काढायची कल्पना तुझी नव्हती गं. माझी होती.”

मला समजेना. त्याने मला आठवण करून दिली. पाहुण्यांचा निरोप आला त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो, आणि तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला होता, की ती माणसं टांग्यातून उतरली की आधी ती मोडकी बाजूच दिसणार, ठाण्याची माणसं आहेत, काय म्हणतील कोण जाणे. मी ते ऐकलं, रात्री झोपले आणि सकाळी ते माझंच म्हणणं झालं. मी बाबांकडे जाईन हे त्याला पक्कं माहीत होतं. माझा शब्द ते मोडणार नाहीत, हेही.

त्याच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो आणि वहिनी मधल्या खोलीच्या एका भागात पलंगपोसाचा पडदा लावून झोपायची. पडद्याच्या अलीकडे मी. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर पडद्याला घासूनच जावं लागायचं. त्याला वाटलं होतं, दाते गेले म्हणजे ती खोली माझी राहणार नाही, आणि मी सासरी गेले की बाबा तीच खोली त्याला बांधून देतील. वर्षाभराने त्याने मागितली. बाबा म्हणाले, “तिला नको झाली. आता ती कोणाचीच नाही.”

दादा हे सगळं उंबऱ्याकडे बघत बोलला. एवढं बोलून त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिला.

मला भयंकर राग आला. चव्वेचाळीस वर्षं मी त्या भिंतीकडे बघायचं टाळत आले, आणि याने मला टाळू दिलं. दर दिवाळीला याने ओवाळून घेतलं, दर राखीला हात पुढे केला आणि हे पोटात ठेवलं. मला वाटलं पिशवी उचलावी आणि ठाण्याला निघून जावं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वहिनी बोलली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कढई. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“म्हणजे अकरा वर्षं मी पडद्यामागे काढली, ती तुमच्यामुळे.”

आवाज चढला नव्हता. दादाने मान हलवली. अकरा वर्षांनी वडील गेले तेव्हा या दोघांना पुढची खोली मिळाली होती, पण पुढची म्हणजे काय, येणारा-जाणारा चपला काढून थेट तिथेच टेकायचा. वहिनी बाळंतीण होऊन त्या पडद्याआड राहिली. तिला ताप आला तेव्हा तिथेच. एकदा मी माहेरी आले असताना ती मोरीत दार लावून बसली होती, मी हाक मारली तर म्हणाली, काही नाही, जरा बसलेय. तेव्हा मी ती गोष्ट घरी जाऊन हसत सांगितली होती. आता माझी मलाच लाज वाटली. माझ्या न झालेल्या खोलीचं दुःख मी इतकी वर्षं जपलं, आणि त्याच भिंतीच्या आत तिलाही काही मिळालं नव्हतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

वहिनीने कढई खोक्यात ठेवली. टेबलापाशी आली, साडीची पिशवी बाजूला सरकवली आणि मला म्हणाली, “वन्सं, सही करू नका तुम्ही.”

दादा काही म्हणणार होता, तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. कागदांच्या खाली नव्या फ्लॅटचा नकाशा घडी घालून ठेवला होता. तो तिने उलगडून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, तुम्हाला हे वाचता येतं ना? या छोट्या खोलीत दोन पलंग बसतील का बघा.

मी पिशवीतून पट्टी काढली. खोली नऊ बाय दहा. दार आत उघडत होतं, त्यामुळे एका पलंगाची अडचण होत होती. दाराची बाजू फिरवली तर दोन्ही बसत होते, मधे एक माणूस चालेल इतकी वाट ठेवून. मी पुन्हा एकदा मोजलं. मग म्हटलं, बसतील.

मग ती आपल्या दोघींची, वहिनी म्हणाली.

दादाने विचारलं, “आणि मी?”

“तुम्ही हॉलमध्ये. पडदा लावून देईन.”

तो हसला नाही. मीही हसले नाही, पण रात्री आठवून हसू आलं. कागद दुसऱ्या दिवशी नव्याने करायला दिले. हक्कसोड रद्द, माझं नाव त्याच्या नावाशेजारी. भाचा पुण्याहून फोनवर दहा मिनिटं नाराज झाला, मग वहिनीने फोन हातात घेतला आणि तो नाराज राहिला नाही. साडी मात्र मी घेतली. चांगली होती.

घर पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. दादा गेला होता. जुन्या विटा चांगल्या होत्या, त्या ट्रकने कुठेतरी नेल्या म्हणाला. नकाशा मी पूर्ण केला आहे. तिन्ही खोल्या, ओटी, मोरी, कमानी, सगळं जिथल्या तिथे. मधल्या खोलीतल्या त्या जागेला मी कपाट असं लिहिलं नाही, दार लिहिलं. पूर्वेकडे काही काढलं नाही, कारण तिथे काही नव्हतं. कधीकधी दुपारी तो कागद टेबलावर पसरून बसते आणि मला ते घर इतकं हवंसं होतं की पुढे बघवत नाही. नव्या खोलीने ते भागणार नाही, हे मला माहीत आहे. पाचव्या मजल्यावरची सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची खोली, तिला भिजवलेल्या विटेचा वास कुठून असणार. तरी मी तिची वाट बघते. दादाशी बोलते, आधीपेक्षा थोडं कमी. तो फोनवर जास्त वेळ थांबतो.

इमारत आता तिसऱ्या मजल्यापर्यंत आली आहे. वहिनी कल्याणहून दुपारच्या जेवणानंतर फोन करते. पलंग कोणत्या लाकडाचे, पडदे घ्यायचेच का, तुम्ही घोरता का हो वन्सं, असलं काहीबाही विचारते. काल तिने विचारलं, त्या खोलीला आतून कडी असेल ना?

मी म्हटलं, असते गं, हल्ली सगळ्या खोल्यांना असते.

“तरी विचारून घ्या एकदा,” ती म्हणाली.

मी इमारतीच्या इंजिनिअरला फोन लावला. एवढंच विचारायला फोन केलाय हे त्याला खरं वाटेना. मग त्याने सांगितलं, हो मॅडम, आतून कडी धरलेली आहे. मी लगेच वहिनीला फोन केला आणि म्हटलं, विचारलं मी, आहे. बरं झालं, म्हणाली, आणि कितीतरी वेळ आमच्यापैकी कोणीच फोन ठेवला नाही.